सूर्यास्त एकच

कापडबाजारातील एका पेढीवर दोघांचे लक्ष सूर्यास्ताकडे असे. शेठजींचा चौविहार, अशन, पान, खादिम आणि स्वादिम या चारही आहारांचा त्याग सूर्यास्तापासून सुरू होई. गल्ला सांभाळणाऱ्या जुन्या मुनीमजींचा रमजानचा रोजा मात्र सूर्यास्तालाच सुटे. एकाचे ताट जेव्हा उठते, तेव्हाच दुसऱ्याचे मांडले जाते.

त्या वर्षी रमजान मार्चमध्ये आला होता. सूर्यास्त ६.४५ च्या सुमारास होई. शेठजी ६.१५ ला जेवायला घरी जात आणि ७ वाजता परतत. गादीवर बसून काही खाऊ नये, ही पेढीची रीत. पहाटेपासून पाण्याचा थेंबही न घेतलेले मुनीमजी ती पंधरा मिनिटे, खिशातला खजूर खिशातच ठेवून, पावत्या फाडीत बसत. त्यांनी कधी सांगितले नाही; शेठजींनी कधी विचारले नाही. एके दिवशी लवकर परतल्यावर त्यांनी ते पाहिले आणि मनोमन ओशाळले.

दुसऱ्या दिवसापासून शेठजी अर्धा तास आधी जेवू लागले. ६.३० ला ते स्वतः गल्ल्यावर बसत आणि मुनीमजींना मोकळे करीत. दोघांचेही व्रत अखंड राहिले, व्यापारही थांबला नाही.

आपल्या ताटात कंदमूळ नसावे, हे यजमानाने ध्यानात ठेवावे अशी आपली अपेक्षा असते. आपल्याकडे काम करणाऱ्याचा नियम कोणता, हे विचारायचे मात्र राहून जाते. अनेकान्त व्याख्यानात ऐकावा, तसा गल्ल्यावरही आचरावा.