बिटवीन द लाइन्स

हल्ली मराठीतही सर्रास 'बिटवीन द लाइन्स वाच' म्हणतात. म्हणा बापडे! 'ओळींमधलं वाच' या भाषांतरापेक्षा ते बरं. बी.ए.ला आम्ही हीच गोष्ट व्यंजना म्हणून शिकलो. आनंदवर्धनाने ९व्या शतकात 'ध्वन्यालोका'त तिलाच ध्वनी म्हटलं. काव्यशास्त्रातलं ठेवणीतलं उदाहरण म्हणजे 'सूर्य मावळला': गुराख्याने ऐकलं, तर गुरं घरी वळवायची वेळ झाली. आणि घराघरांत 'लेकी बोले सुने लागे' होतंच की!

इंग्रजीतल्या ओळी कागदावरच्या. आपला ध्वनी कानाने ऐकायचा. परवा ताई फोनवर म्हणाली, "मी बरी आहे रे, सवडीने ये." नातू म्हणाला, "आजोबा, म्हणजे घाई नाही." अरे, ऐंशी ओलांडलेली ताई 'सवडीने' म्हणते, तेव्हा ते 'लवकर ये' असतं. उद्याचं तिकीट काढलंय.