वीस गुणांचा धडा

निकाल लागला की घरोघरी पेढे वाटले जातात. वाटावेतच, मुलांनी मेहनत केलेली असते. पण मार्कशीटवरचे टक्के आणि मुलाला खरोखर येणारा विषय यांचा मेळ किती बसतो, हे आपण सहसा पाहत नाही.

महाराष्ट्रातील दहावीचे निकाल पाहा. २०१८ मध्ये तेथे ८९.४१ टक्के मुले पास झाली. पुढच्या वर्षी भाषा व सामाजिक शास्त्रांचे शाळेच्या हातातले २० गुण बंद झाले आणि निकाल ७७.१० टक्क्यांवर आला. ओरड झाली, गुण परत आले आणि २०२० चा निकाल लागला ९५.३० टक्के! २०१९ ला अभ्यासक्रम नवा होता, २०२० ला भूगोलाचा पेपर कोरोनामुळे रद्द होऊन सरासरीने गुण मिळाले, हे खरे. तरी मुले एका वर्षात एवढी हुशार झाली, असे कोण म्हणेल?

हिशेब सोपा आहे. शंभरात ३५ ला पास. शाळेने २० पैकी २० देऊन टाकले, तर ८० च्या लेखी पेपरात १५ पुरतात. आपल्या मध्य प्रदेशातही २०२१ मध्ये परीक्षा न होता दहावीचा निकाल १०० टक्के लागला. २०२२ मध्ये परीक्षा झाली, तेव्हा तो ६० टक्क्यांच्याही आत आला.

दोष तोंडी परीक्षेचा नाही. घरात मराठी आणि उंबऱ्याबाहेर हिंदी अशा आपल्या मुलांना तर ती हवीच. मराठी उतारा न अडखळता वाचता येतो का, चार वाक्ये स्वतःच्या मनाने बोलता येतात का, हे दुसरे कोण तपासणार? तेच गुण खैरातीत वाटले, तर मूल मराठीत 'पहिले' येईल आणि आजीचे पत्र मात्र वाचू शकणार नाही.

पालक म्हणतील, "सगळ्याच शाळा गुण देतात. आपण हात आखडला तर आपलीच मुले मागे पडतील." ही भीती खोटी नाही. म्हणून सुरुवात सहावी-सातवीपासून करावी. तेथे बाहेरच्या कोणाशी स्पर्धा नसते. तोंडी परीक्षा दोन शिक्षकांनी मिळून घ्यावी, गुण कशाबद्दल दिले ते वहीत लिहावे आणि पालकसभेत उत्तरपत्रिकाही दाखवाव्यात. विश्वस्त मंडळींनीही कमी निकालाचा जाब शिक्षकांना विचारण्याआधी त्या उत्तरपत्रिका चाळाव्यात. खरे गुण देणाऱ्या शिक्षकाच्या पाठीशी संस्था उभी नसेल, तर तो फार काळ खरे गुण देणार नाही.

विद्यार्थी मित्रांनो, सहावीत मिळालेले खरे ५५ गुण तुम्हाला काय येत नाही ते सांगतात, आणि ते शिकायला दहावीपर्यंत चार वर्षे हातात असतात. फुगवलेले ८५ गुण ती चार वर्षे खाऊन टाकतात.