कॅमेरा गळ्यात, वजन कुठे?

गेल्या हिवाळ्यात आमच्या दिरांच्या मुलीचे लग्न झाले. निकाह सकाळी मशिदीत होता, जेवण आणि रुखसत संध्याकाळी हॉलवर. फोटोंचे काम आमच्या बहिणीच्या दोन मुलांकडे होते. भाचा पुरुषांच्या बाजूला, भाची बायकांच्या बाजूला. आपल्याकडे बायकांच्या हॉलमध्ये पुरुष फोटोग्राफर नको असतो, त्यामुळे या मुलीला लग्नसराईत एक रविवार मोकळा मिळत नाही. धाकट्या बहिणीच्या कॉलेजची फी तिच्याच कमाईतून जाते.

रात्री दहाच्या सुमारास आम्ही काही कामासाठी हॉलच्या मागच्या जिन्याकडे गेलो, तर ही पायरीवर बसलेली. दोन्ही कॅमेरे मांडीवर, मान एका बाजूला कललेली आणि उजव्या हाताची बोटे उघडझाप करत होती.

"काय झालं गं?"

"काही नाही खाला. बोटांना मुंग्या येतात. जातात थोड्या वेळानं."

मग खालच्या आवाजात म्हणाली, "हा सीझन संपला की सोडून द्यावं म्हणते."

ती सकाळपासून उभी होती आणि आम्ही घरचेच असून तिला एकदाही विचारले नव्हते.

दोन दिवसांनी तिला घरी बोलावले. उमराहला जाताना सामान तोलण्यासाठी घेतलेला ताणकाटा आमच्या कपाटात होता. त्याला तिची बॅग अडकवली. काट्याने नऊ किलोंच्या वर आकडा दाखवला. मग अंगावर नक्की किती असते याचा हिशेब केला. तिच्याकडे दोन सेकंडहँड कॅनन ५डी मार्क ४ आहेत. बॅटरी-कार्डासह प्रत्येकी सुमारे ८९० ग्रॅम. एकावर ७०-२०० ची मोठी लेन्स, वजन १४९० ग्रॅम. दुसऱ्यावर २४-७० ची, ८०५ ग्रॅम. दोन्हींवर फ्लॅश, सेल धरून साधारण साडेपाचशे ग्रॅमचा एकेक. बेरीज पाच किलोंच्या पुढे गेली, आणि हे सगळे गळ्यात आणि एका खांद्यावर, सकाळपासून रात्रीपर्यंत.

आम्ही शिक्षक. २०२० च्या स्कूल बॅग धोरणानुसार मुलाच्या दप्तराचे वजन त्याच्या वजनाच्या १० टक्क्यांपेक्षा जास्त असू नये. पालकसभेत आम्ही हे दरवर्षी सांगतो. भाचीचे वजन ४८ किलो. नियम मुलांसाठी आहे, हे खरे. पण दहा वर्षांच्या मुलाची काळजी करणारे आम्ही, घरातल्या मुलीच्या मानेकडे पाहत नव्हतो.

आधी तिला डॉक्टरांकडे नेले. बोटांना मुंग्या येत असतील किंवा कळ हातात उतरत असेल, तर बाम चोळून दिवस काढू नयेत, हे इथे स्पष्ट सांगतो. डॉक्टरांनी मानेचे व्यायाम दिले आणि ओझे कमी करायला सांगितले. ओझे कसे कमी करायचे, हे मात्र आम्हाला घरी बसून शोधावे लागले. ज्यांच्या घरात असे काम करणारे कोणी आहे, त्यांच्यासाठी ते लिहितो.

पहिली गोष्ट, कॅमेऱ्यासोबत मिळणारा पट्टा. तो गळ्यात घातला की सगळे वजन मानेच्या मागच्या भागावर येते, मान पुढे झुकते आणि पाठीचे स्नायू दिवसभर ताणलेले राहतात. तो काढून ठेवावा. एकच कॅमेरा असेल तर तिरका पट्टा चांगला. एका खांद्यावरून छातीवरून येतो आणि कॅमेरा कमरेपाशी लोंबतो. हा पट्टा बहुधा कॅमेऱ्याच्या तळाला, जिथे ट्रायपॉड बसतो त्या भोकात, स्क्रूने बसवतात. हा स्क्रू हळूहळू सैल होतो. प्रत्येक कार्यक्रमापूर्वी पिळून पाहावा आणि कॅमेऱ्याच्या वरच्या कडीला एक छोटी दोरी जास्तीची बांधावी. मोठी लेन्स असेल तर पट्टा कॅमेऱ्याला न लावता लेन्सच्या पायाला लावावा, नाहीतर लेन्सचे वजन जोडावर येते.

दोन कॅमेरे असतील तर दोन्ही खांद्यांवर वजन वाटणारा, पाठीवर जुळणारा दुहेरी पट्टा घ्यावा. भाच्याने स्वतःसाठी तो कोल्हापुरात चपला शिवणाऱ्या एका कारागिराकडून चामड्याचा करून घेतला. शिवण उत्तम झाली. हुक आणि कड्या मात्र त्याने कॅमेऱ्याच्या दुकानातून आणून दिल्या. तिथे काटकसर करू नये. कडी तुटली तर कॅमेरा फरशीवर जातो.

मुलींची अडचण वेगळी आहे आणि दुकानदाराला ती सुचत नाही. निदाच्या कापडाचा बुरखा गुळगुळीत असतो, पट्टा त्यावरून घसरत राहतो आणि मुलगी दिवसभर खांदा वर उचलून त्याला धरून ठेवते. निम्मे दुखणे तिथून येते. स्कार्फची पिन पट्ट्याखाली आली तर टोचते, ते निराळेच. शिवाय छातीवरून जाणारा पट्टा अनेकींना आवडत नाही. भाचीने यावर तोड काढली. बुरख्यावर जाडसर सुती कापडाचे, बाजूंना कापलेले सैल जाकीट शिवून घेतले. पट्टा जाकिटाच्या आत, कॅमेरे बाजूच्या फटींतून बाहेर. सुती कापडावर पट्टा घसरत नाही आणि वरून काही दिसत नाही. शिलाई आमच्याच मोहल्ल्यातल्या टेलरबाईंची.

तिसरा मार्ग कमरेच्या रुंद पट्ट्याचा. कॅमेरा त्याच्या खाचेत अडकतो, वजन खांद्यांवर न येता कमरेच्या हाडावर येते. घागर कमरेवर घेणाऱ्या आपल्या आज्यांना हे ठाऊक होते. बसताना-उठताना मात्र तो पट्टा टोचतो. घेण्यापूर्वी अर्धा तास घालून पाहावा.

यानंतर प्रश्न आला, एवढे सगळे न्यायचेच कशाला? बायकांच्या हॉलमध्ये फोटोग्राफर नवरीपासून चार हातांवर असते. तिथे लांबून टिपणारी ७०-२०० ची लेन्स कितीदा लागते? भाचीने जुने फोटो काढून पाहिले. त्या लेन्सचे फार थोडे होते. तिच्या जागी तिने ८५ ची छोटी लेन्स घेतली, वजन ४२५ ग्रॅम. एका कॅमेऱ्यावरचे एक किलोहून जास्त वजन तिथेच उतरले. नवे मिररलेस कॅमेरे हलके असतात हे खरे, पण त्यांना मोठी रक्कम लागते. जे घरात आहे त्यातले काय घरीच ठेवता येईल, हे पाहायला काहीच लागत नाही.

"मग चार्जर, जादा बॅटऱ्या, लाइट, स्टँड, हे सगळं पाठीवर घेऊन का फिरतेस?" आम्ही विचारले. "एका खोलीत ठेव ना."

ती हसली. "कुठल्या खोलीत, खाला?"

दोन वर्षांपूर्वी एका लग्नात तिने बॅग स्टेजमागच्या खुर्चीवर ठेवली होती. जेवून आली तर आतला एक फ्लॅश गायब. यजमानांनी शोधाशोध केली नाही, हॉलवाल्यांनी हात वर केले. त्या लग्नाचे निम्मे पैसे नवा फ्लॅश घेण्यात गेले. तेव्हापासून ती सगळे अंगावर बाळगते. आमच्या घरच्या लग्नातही तेच केले, कारण आम्हीही तिला जागा दिली नव्हती. नवरीच्या दागिन्यांसाठी कुलपाची खोली होती, मिठाईसाठी होती. तिच्या बॅगेसाठी नव्हती.

म्हणजे तिच्या खांद्यावरच्या ओझ्यात आमचाही वाटा होता. पट्टे आणि लेन्स तिने बदलायच्या, पण काही किलो यजमानांनीच उतरवायचे असतात.

म्हणून ज्यांच्या घरी येत्या महिन्यांत लग्न आहे, त्यांना आमची विनंती. फोटोग्राफरला कुलूप लागेल अशी एक जागा द्या, निदान एक कपाट, आणि किल्ली त्याच्याच हातात ठेवा. तिथे चार्जिंगसाठी प्लग असू द्या, म्हणजे जादा बॅटऱ्यांचे ओझे कमी होईल. मेमरी कार्डे मात्र त्याने स्वतःच्या चेनच्या खिशातच ठेवावीत. ती गेली तर तुमचे लग्नच गेले. कार्यक्रमाच्या वेळा आधी कागदावर लिहून द्या. आता काय होईल हे ठाऊक नसते, म्हणून ही मुले सगळे सामान अंगावर लादून तयार राहतात. जेवणाच्या दस्तरखानावर त्यांना शेवटी बोलावू नका. नवरी जेवत असताना तसेही कोणाला फोटो नको असतात. तीच वेळ त्यांच्या जेवणाची आणि नमाजची.

मशिदीत निकाह असेल तर भाचा आता एकच कॅमेरा घेऊन जातो. चप्पल पटकन निघेल अशी घालतो आणि बॅग बाहेर भावाबंदांपैकी एकाकडे देतो. गर्दीत पाठीवर बॅग असली की वळताना ती म्हाताऱ्या माणसाला किंवा लहान मुलाला लागते. काजीसाहेबांसमोर खाली बसताना तो कंबरेत न वाकता गुडघ्यात वाकतो आणि लोंबणारा कॅमेरा एका हाताने धरतो.

रमजान ईदनंतर भाचीने पुन्हा काम घेतले. पहिल्या लग्नाला निघण्यापूर्वी ती आमच्याकडे आली आणि काटा मागितला. बॅग साडेपाच किलो भरली. मुंग्या पूर्ण गेल्या आहेत असे नाही; लांबच्या दिवसानंतर अजून येतात, व्यायाम चालू आहेत. सोडून देण्याची भाषा मात्र तिने पुन्हा केलेली नाही. ताणकाटा आता तिच्याकडेच असतो. आम्हाला पुन्हा प्रवासाला जायचे झाले तर तिच्याकडून मागून आणावा लागेल.