धबधबा खाली दिसतो, पण असतो वर

२०२५ च्या जुलैत शेजारच्या वैभववाडी तालुक्यात नापणे धबधब्यावर काचेचा पूल सुरू झाला. तेव्हापासून आपल्या राजापुरात एक प्रश्न फिरतोय. "आपल्या धूतपापेश्वराला असं काही कधी होणार?"

प्रश्न चुकीचा नाही. शहराला लागूनच धोपेश्वर गाव. तिथे देवळाला अगदी खेटून मृडानी नदी कातळावरून उडी घेते. धबधबा लहानसाच आहे. कोकणाबाहेर तो फारसा कुणाला माहीत नाही. 'धूतपापेश्वर' हे नाव लोकांनी आयुर्वेदिक औषधाच्या बाटलीवर वाचलेलं असतं, पण हा देव राजापूरचा, हे कित्येकांना ठाऊक नसतं. चार पर्यटक जास्त आले, चहा-वड्याच्या टपऱ्या चालल्या, रिक्षावाल्यांना भाडं मिळालं, तर कुणाला नको आहे?

पण मंडळी, आपण मागणी करताना क्रम उलटा लावतोय.

नापण्याचा पूल सगळ्यांनी पाहिला, फोटो टाकले. त्या धबधब्याची खरी दौलत पूल नव्हे. तो बारमाही आहे, मे महिन्यातही वाहतो, ही त्याची दौलत. निधी आला की पूल उभा राहतो. मे महिन्यातलं पाणी कुठल्याच निधीतून येत नाही.

ते येतं वरून. आपल्याकडचा जांभा दगड सच्छिद्र. सड्यावर पडलेला पाऊस त्यात मुरतो, झाडांच्या मुळांशी थांबतो आणि झऱ्यांतून सावकाश पऱ्यात उतरतो. चिरेखाणीसाठी सडा कापला, जंगल सरसकट तोडून लाकूड ट्रकात भरलं, की पाणी मुरायचं थांबतं. मग चार तास धो धो वाहतं आणि पाऊस थांबला की धबधब्याचा आवाज बसतो. कोकणात वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो, आणि तरी एप्रिल-मेमध्ये वाड्यांवर टँकर फिरतात. यात सगळं आलं.

आणि हे फक्त धबधब्यापुरतं नाही. वरची सुटलेली माती नदीतून खाली येते. एके काळी राजापूर बंदरात व्यापारी गलबतं लागायची. सतराव्या शतकात इंग्रजांची वखार इथे होती, १६६१ मध्ये शिवाजी महाराजांनी ती लुटली. आज त्या खाडीत गलबत सोडा, गाळच गाळ आहे. अर्जुना आणि कोदवली फुगल्या की पाणी जवाहर चौकात येतं आणि व्यापारी माल माळ्यावर चढवतात. गाळ काढायचं काम झालं, चांगलंच झालं. पण वरून माती येतच राहिली, तर दर काही वर्षांनी हेच काम पुन्हा करायचं का?

म्हणून माझं मत स्पष्ट आहे. धबधब्यासाठी पहिला रुपया त्याच्या माथ्यावर खर्च करा. ज्या सड्यांचं पाणी या पऱ्यांना मिळतं, तिथे नवी चिरेखाण नको, असा ठराव ग्रामसभेत घ्या. ऑक्टोबर-नोव्हेंबरात वनराई बंधारे घाला. त्याला सिमेंटच्या रिकाम्या गोणी, माती आणि माणसं लागतात, कोटी लागत नाहीत. देवाच्या नावाने राखलेली झाडी तशीच राखा.

दुसरा रुपया सुरक्षेवर. ३० जून २०२४ ला लोणावळ्यात भुशी धरणाच्या मागच्या धबधब्यात एकाच कुटुंबातले पाच जण वाहून गेले, ते सगळ्या महाराष्ट्राने मोबाइलवर पाहिलं. वर पाऊस पडला की खालचं पाणी काही मिनिटांत चढतं. धोक्याचा ठळक फलक, धरायला दोर आणि गर्दीच्या दिवशी शिट्टी घेऊन उभी असलेली गावातली दोन पोरं, एवढं पुष्कळ आहे.

तिसरा रुपया उरला, तर खुशाल रेलिंग लावा, सेल्फी पॉइंट करा. पण काँक्रीटच्या पायऱ्यांवर उभं राहून कोरडा कातळ बघायला कोण येणार?

'धूतपाप' म्हणजे पाप धुऊन टाकणारा. आपण वर करतोय ती पापं धुवायलाही पाणी लागेलच ना?

पुढच्या ग्रामसभेत पुलाबद्दल विचारा, जरूर विचारा. पण त्याआधी सड्याबद्दल विचारा. तुमच्या गावच्या पऱ्याला पूर्वी कुठल्या महिन्यापर्यंत पाणी असायचं आणि आता कधी आटतं, ते खाली लिहा. घरातल्या म्हाताऱ्या माणसांना विचारून लिहा.