चार दिवसांची अकरा वर्षे

‘चार दिवस सासूचे, चार दिवस सुनेचे’ ही म्हण मराठी घरांत पिढ्यान् पिढ्या बोलली जात आहे. तिच्या पहिल्या अर्ध्याचे नाव घेऊन २००१ साली ई-टीव्ही मराठी वाहिनीवर जी मालिका सुरू झाली, तिचे चार दिवस संपायला २०१३ साल उजाडावे लागले. भाग तीन हजारांहून अधिक झाले. रोहिणी हट्टंगडी यांची सासू आणि कविता लाड यांची सून पाहता पाहता आमच्या सासूबाई थट्टेने म्हणत, ‘‘सुनेचे चार दिवस येणार तरी कधी? तू वाट बघू नकोस.’’

सासूबाईंचे माहेर राजस्थानातले. लग्न होऊन त्या इंदापुरात आल्या, तेव्हा घरात मारवाडी आणि दुकानात बाजारची मराठी चाले. भाव, माप आणि उधारी एवढ्यापुरतीच ती भाषा त्यांच्या कानी पडली. मी बारामतीच्या मराठी शाळेत शिकलेली. आमच्या दोघींत सुरुवातीला फारसे बोलणे होत नसे. भांडण नव्हते, पण सामायिक विषयही नव्हता. सूर्यास्तापूर्वी जेवणे आटोपत, पुरुष मंडळी पुन्हा दुकानात जात आणि झाकपाक झालेल्या स्वयंपाकघराबाहेर आम्ही दोघीच उरत असू. त्या रिकाम्या वेळेत दूरदर्शन संच लागला. भारनियमनाच्या त्या वर्षांत ऐन प्रसंगी पडदा काळा होई. मग दुसऱ्या दिवशीच्या पुनःप्रक्षेपणासाठी दळण-निवडण त्या वेळेला बेतून ठेवायचे. दोन-तीन वर्षांतच सासूबाई दारावर आलेल्या भाजीवाल्या मावशींना, घासाघीस अर्ध्यावर सोडून, ‘‘कृपया गैरसमज करून घेऊ नका’’ असे म्हणताना मी ऐकले. मावशी बिचाऱ्या घाबरल्याच.

पर्युषणाचे आठ दिवस सासूबाई पडद्याकडे पाहत नसत. संवत्सरी झाली, क्षमापना झाली, की मला कथा सांगण्याची आज्ञा होई. आठ दिवसांत कथा एक पाऊलही पुढे सरकलेली नाही, हे मला दर वर्षी नव्याने कळे.

ती सरकत नाही याचे कारण व्यापारी घराला समजावून सांगावे लागू नये. दैनंदिन मालिका हे मुळातच दुकानदारीचे अपत्य आहे. अमेरिकेत रेडिओवरच्या कौटुंबिक कथा साबणाच्या कंपन्यांनी पुरस्कृत केल्या, म्हणून त्यांना ‘सोप ऑपेरा’ हे नाव पडले. आपल्याकडे १९८४ मध्ये ‘हम लोग’ आली, तीही मॅगीच्या प्रायोजकत्वावर. किराणा दुकानांच्या फळीवर ती पिवळी पाकिटे रुळली, त्यात त्या मालिकेचा मोठा हात होता. आज दर आठवड्याला प्रेक्षकसंख्येचे आकडे येतात. ते आकडे म्हणजे वाहिनीची रोजकीर्द. जमेची बाजू भरत आहे तोवर कथा लांबते. आटली की पंधरा दिवसांत घरातली सगळी भांडणे मिटतात, परागंदा झालेला मुलगा परत येतो आणि मंडळी हात जोडून निरोप घेतात.

आता अशा दीर्घायुषी मालिकांचा मान वाहिन्या कसा राखतात? बहुतेक वेळा केक कापून. पाचशेवा भाग, हजारावा भाग, चित्रीकरणाच्या जागी फुगे, एक मोठे छायाचित्र आणि वर्षातून एकदा घरचेच पुरस्कार. झी मराठीवर २००४ पासून २०२२ पर्यंत चाललेल्या ‘होम मिनिस्टर’ने पैठणी देऊन घराघरांतील गृहिणींचा सन्मान केला, आणि अखेरच्या वर्षी ‘महामिनिस्टर’ म्हणून अकरा लाखांची पैठणी ठेवून स्वतःचाही करून घेतला. (अकरा लाखांची साडी नेसून स्वयंपाक कसा करायचा, हा सासूबाईंचा प्रश्न अनुत्तरितच राहिला.) २००० साली सुरू झालेली ‘क्योंकि सास भी कभी बहू थी’ स्टार प्लसने २०२५ च्या जुलैत, पंचवीस वर्षांनी, स्मृती इराणी यांच्यासह पुन्हा आणली. बंद पेढी जुन्या पाटीसह उघडावी तसेच हे. इंग्लंडात १९६० पासून चालू असलेल्या ‘कोरोनेशन स्ट्रीट’ला चाळीस वर्षे झाली, तेव्हा थेट प्रक्षेपित केलेल्या भागात तेव्हाचे युवराज चार्ल्स स्वतः दिसले.

या सर्वांपेक्षा मला एक साधा सन्मान अधिक भावला. ‘तारक मेहता का उल्टा चष्मा’ आपल्या बहुतेक घरांत पाहिली जाते. तारक मेहता यांनी १९७१ पासून ‘चित्रलेखा’ या गुजराती साप्ताहिकात लिहिलेल्या सदरावर ती आधारलेली आहे. जुलै २००८ मध्ये ती सुरू झाली आणि चार हजार भाग ओलांडूनही चालूच आहे. तिच्यातले जेठालालचे दुकान आपल्याला परके नाही. आणि पगारवाढ मागणारे, मालकाला वडीलकीने दोन शब्द सुनावणारे नट्टूकाका तर आपल्या प्रत्येक पेढीवर होऊन गेले आहेत. ती भूमिका करणारे घनश्याम नायक कर्करोगाशी झुंजत असतानाही कामाची आस धरून होते. ३ ऑक्टोबर २०२१ रोजी ते गेले. नवे नट्टूकाका २०२२ मध्ये आले; मधले काही महिने त्या गादीवर कोणी बसले नाही. जुने मुनीमजी गेल्यावर त्यांची बैठक काही दिवस तशीच राखणारी माणसे मी बारामतीच्या बाजारात पाहिली आहेत.

मान राखण्याच्या आपल्या रीती निराळ्या आहेत. पाटीवर स्थापनेचे वर्ष कोरतात, दिवाळीला जुन्या वह्यांनाही हळदकुंकू लावतात. इंदापूर तालुक्यात तर शेठ वालचंद हिराचंद यांचे नाव एका अख्ख्या गावाला मिळाले. पण सर्वांत जुनी रीत ज्ञानभांडारांची. जैसलमेर आणि पाटण येथील भांडारांत शेकडो वर्षांची ताडपत्रे टिकली, ती कोणी जतन केली म्हणून. ज्ञानपंचमीला, काही ठिकाणी श्रुतपंचमीला, पोथ्या बाहेर काढून, झटकून, नव्या वेष्टनात बांधण्याचा प्रघात आहे. चित्रफितींची पंचमी मात्र कोणी पाळत नाही. बीबीसीसारख्या संस्थेनेही ‘डॉक्टर हू’च्या साठच्या दशकातल्या फिती पुसून टाकल्या, त्यातले नव्वदहून अधिक भाग दीर्घकाळ बेपत्ता राहिले, आणि जे हाती लागले, ते बरेचसे परदेशांत किंवा खाजगी संग्रहांत. मालिका ही काही आगम नव्हे, हे मी जाणते, आणि उपाश्रयात ही तुलना केली तर मला ऐकून घ्यावे लागेल. तरीही एखाद्या घराच्या दहा-बारा वर्षांच्या संध्याकाळी ज्यात गुंतल्या, ते निष्काळजीपणाने हरवावे हे पटत नाही.

हे सुचण्याचे कारण घरचेच आहे. सासूबाई आता ऐंशी पार आहेत आणि विस्मरण वाढते आहे. कालचे जेवण आठवत नाही. वीस वर्षांपूर्वीची एक दुपारची मालिका मात्र आठवते. तिचे नाव लिहीत नाही, कारण दोष एकट्या तिचा नव्हे. ती जेमतेम दीड वर्ष चालली आणि एका शुक्रवारी अचानक संपली. त्यांना तिचा शेवटचा भाग पुन्हा पाहायचा होता. नातवाने मोबाइलवर दोन रात्री शोध घेतला. शीर्षकगीत मिळाले, मधले चार-पाच तुकडे मिळाले, शेवट कुठेच नाही.

म्हणून आता संध्याकाळी, जेवणे आटोपल्यावर, तो शेवट मीच त्यांना सांगते. मलाही सगळा आठवत नाही. विसरलेल्या जागी मी थोडे पदरचे घालते. परवा सुनेला मी माहेरी पाठवले, तर सासूबाई उशीवरून मान उचलून स्वच्छ मराठीत म्हणाल्या, ‘‘माहेरी नाही गं, ती दारापर्यंत जाऊन परत आली होती. तू नीट पाहिलंच नव्हतंस.’’