मूल गुटगुटीत की लठ्ठ? नुसत्या नजरेनं कळत नाही

सप्टेंबर 2025 मध्ये युनिसेफनं एक धक्कादायक अहवाल दिला. 5 ते 19 वयोगटात लठ्ठ मुलांचं जागतिक प्रमाण (9.4 टक्के) पहिल्यांदाच कमी वजनाच्या मुलांपेक्षा (9.2 टक्के) जास्त झालं. महाराष्ट्रात तर दोन्ही संकटं सोबतच आहेत. 2019-21 च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत राज्यातली पाच वर्षांखालची 36.1 टक्के मुलं कमी वजनाची निघाली. जादा वजनाची मुलंही आधीच्या पाहणीतल्या 1.9 टक्क्यांवरून 4.1 टक्क्यांवर गेली.

म्हणजे पैठण रोडवरच्या चितेगावसारख्या कंपन्यांच्या गावात एकाच गल्लीत दोन्ही प्रकारची मुलं असू शकतात. गुबगुबीत पोराला आपण ‘माशाअल्लाह, सेहत चांगली आहे’ म्हणतो, बारक्याला ‘खातच नाही’ म्हणून सोडून देतो. मोजत मात्र कुणालाच नाही.

मोजायचं माप म्हणजे बीएमआय. किलोतल्या वजनाला मीटरमधल्या उंचीनं दोनदा भागायचं. सहा वर्षांचा मुलगा 25 किलोचा आणि 1.16 मीटर उंच असेल, तर आकडा येतो सुमारे 18.6. मोठ्या माणसात 18.5 च्या खाली गेलं की कमी वजन धरतात. पण जागतिक आरोग्य संघटनेच्या तक्त्यात सहा वर्षांच्या मुलासाठी 18.5 ही लठ्ठपणाची रेषा आहे! म्हणून मोबाईलवरचं मोठ्यांचं कॅल्क्युलेटर मुलांना लावू नका. वय आणि मुलगा-मुलगी पाहून तक्ता बघावा लागतो. भारतीय बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेनं 2015 मध्ये आपल्या मुलांसाठी वेगळे तक्ते दिले आहेत.

बीएमआय हा फक्त इशारा आहे, आजाराचं निदान नाही. पुण्याच्या डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी दाखवून दिलं, की त्यांचा आणि एका ब्रिटिश सहकाऱ्याचा बीएमआय सारखाच, 22.3, पण चरबी त्यांच्यात 21.2 टक्के, सहकाऱ्यात 9.1 टक्के. बारीक दिसणारा निरोगीच असेल असं नाही.

राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचं पथक अंगणवाडीत वर्षातून दोनदा, सरकारी आणि अनुदानित शाळेत एकदा यायला हवं. ते आलं का, मुलाची उंची-वजन किती भरलं, हे अम्मी-अब्बूंनी विचारलंच पाहिजे. मदरशात किंवा खासगी शाळेत शिकणाऱ्या मुलांसाठी व्यवस्थापनानं किंवा मशीद कमिटीनं वजनकाटा आणि उंचीची पट्टी ठेवली, तरी मोठं काम होईल. आकडा रेषेबाहेर गेला तर डॉक्टरांना दाखवा. पोराला ‘जाड्या’ म्हणून चिडवू नका, उपाशी ठेवू नका.