गाडी घेण्याआधी काट्यावर चला

आपल्या गटांच्या बैठकांमध्ये फिरत्या केंद्राचा विषय वरचेवर निघतो. वीटभट्टीवरची, ऊसतोडीच्या तळावरची, तांड्यावरची बाई आपल्या कार्यालयापर्यंत पोचत नाही. तिची मजुरी बुडते, भाड्याला पैसे नसतात, घरून परवानगी नसते. म्हणून कार्यालयानंच तिच्याकडे जायचं. त्यासाठी एक गाडी घ्यायची आणि तिच्यात बोलायला आडोसा, तपासणीसाठी पडद्यामागे बाक, संडास, पाण्याची टाकी, मुक्काम पडला तर दोघीतिघींना आडवं होण्यापुरती जागा करायची. परदेशात ज्याला मोटरहोम म्हणतात, तीच ही चाकांवरची खोली. महाराष्ट्र सरकारनं २०२१ मध्ये कॅराव्हॅन पर्यटनाचं धोरण आणलं, तेव्हापासून आपल्याकडेही हा शब्द कानावर पडू लागला आहे.

कल्पना चांगलीच आहे. पण बैठकीत चर्चा कशाची होते? पैसे कोण देणार, गाडीवर नाव काय लिहायचं, रंग कोणता, उद्‌घाटनाला कोणाला बोलवायचं. एक प्रश्न मात्र कुणीच विचारत नाही. गाडीत सगळं बसवून झाल्यावर आणखी किती वजन घालता येईल? माझं म्हणणं असं की हा प्रश्न सगळ्यात आधी विचारला पाहिजे, तो आपण बायकांनी विचारला पाहिजे, आणि त्याचं उत्तर कागदावर मिळेपर्यंत पैसे देऊ नयेत.

प्रत्येक गाडीला एकूण वजनाची मर्यादा असते. गाडीचं स्वतःचं वजन, आतलं सामान, माणसं, पाणी, इंधन हे सगळं मिळून त्यापुढे जायचं नाही. ट्रकवाले यालाच पासिंग म्हणतात. ही मर्यादा गाडी बनवणारी कंपनी ठरवते, आरसी बुकात ती लिहिलेली असते. आस, ब्रेक, चाकं, टायर किती ओझं पेलतील यावर ती ठरते. त्यातून तयार गाडीचं रिकामं वजन वजा केलं की जे उरतं, ती आपली भारवहन क्षमता. साधी वजाबाकी आहे. महिन्याचा किराणा बसवणाऱ्या कुठल्याही बाईला ती जमते.

आता एक नमुना हिशेब करू. समजा गाडीची मर्यादा ३,५०० किलो आहे. फळ्या, कपाटं, बाक, संडास, बॅटऱ्या, एसी असं सगळं बसवून, डिझेलची टाकी भरून, पाण्याची टाकी रिकामी ठेवून ती काट्यावर नेली आणि वजन भरलं २,८५० किलो. उरले ६५० किलो. ऐकायला भरपूर वाटतात. गाडीत चालक धरून आठ जणी बसणार. एकीचं वजन सरासरी ६० किलो धरलं तर झाले ४८०. उरले १७०. पाण्याची टाकी १५० लिटरची. एक लिटर पाणी म्हणजे एक किलो, म्हणजे राहिले २०. चहापाण्यासाठी घरगुती गॅसचा भरलेला सिलिंडर ठेवला तर तो ३० किलोच्या आसपास जातो. आपण मर्यादेच्या १० किलो वर गेलो. अजून जाजम चढवलेली नाही. ध्वनिक्षेपक नाही, औषधांची पेटी नाही, कुणाची पिशवी नाही. पाच हजार साध्या पत्रकांचा गठ्ठाच २३ किलोच्या घरात जातो! ज्या कामासाठी गाडी घेतली, त्या कामाचं काहीच तिच्यात मावत नाही.

वापरलेलं पाणी खालच्या टाकीत साठवणार असू, तर ते वजनही गाडीतच राहतं, फक्त वरून खाली जातं. शिवाय वजन कुठे पडतं तेही बघावं लागतं. टाकी, संडास, कपाटं सगळी मागच्या टोकाला गेली की मागच्या आसावर जादा भार येतो, पुढची चाकं हलकी होतात आणि वळणावर गाडी हातात राहत नाही. एकूण वजन मर्यादेत असलं तरी एका आसावरचं वजन मर्यादेबाहेर असू शकतं. जादा वजनाची गाडी ब्रेक मारल्यावर उशिरा थांबते, टायर तापतात. विदर्भातल्या मे महिन्याच्या रस्त्यावर तापलेला टायर फुटला तर आत कोण बसलेलं असेल, हे सांगायला नको.

यात स्त्रियांचा वेगळा प्रश्न तो कोणता, असं कुणी म्हणेल. वजन कमी पडलं की काय काढायचं, हे कोण ठरवतं? प्रश्न तिथे आहे. आमच्या भागातल्या एका गटाला देणगीतून अशी गाडी मिळणार होती. बांधणी सुरू असताना गटातल्या दोघींनी गाडी काट्यावर न्यायचा आग्रह धरला. कारखानदाराला तो आवडला नाही. प्रश्न या दोघी विचारत होत्या, उत्तरं तो सोबतच्या चालकभाऊंकडे बघून देत होता. पावती आली तेव्हा कळलं की आठ जणी आणि पाणी धरल्यावर जवळजवळ काहीच उरत नाही. त्यानं लगेच उपाय सुचवला, “संडास काढून टाका. टाकीपण वाचेल. बायका काय, कुठंतरी जातातच की.” एसी काढायचं त्याच्या मनात आलं नाही. देणगीदाराच्या नावाचा मोठा लोखंडी फलक काढायचंही आलं नाही. त्या दोघी अडून बसल्या. फलकाऐवजी नाव रंगवून घेतलं, एसी गेला, जाड प्लायवूडची दोन कपाटं गेली. संडास राहिला. गर्भार बाई, पाळी आलेली मुलगी, दिवसभर गाडीत बसणारी कार्यकर्ती यांच्या दृष्टीनं तोच तर त्या गाडीचा अर्थ होता. काट्याची पावती हातात नसती तर हा वाद घालताच आला नसता. गाडी दारात आल्यावर आपण नेहमीसारखं सांभाळून घेतलं असतं.

जिथे या गाड्या जुन्या आहेत, तिथला अनुभवही हेच सांगतो. अमेरिकेत जादा वजनाच्या मोटरहोमची तक्रार बरीच झाली, आणि तिथल्या रस्ते सुरक्षा खात्यानं २००८ पासून नियम लागू केला. नव्या मोटरहोममध्ये दाराच्या आतल्या बाजूला चिठ्ठी हवी, माणसं आणि सामान मिळून किती वजन चालेल ते तिच्यावर लिहिलेलं हवं, आणि पाण्याची टाकी भरली तर त्यातलं किती जाईल तेही. युरोपात गाडीच्या लांबीवरून आणि माणसांच्या संख्येवरून सामानासाठी किमान किती वजन राखलं पाहिजे, याचं सूत्र नियमांत आहे. सहा मीटर लांबीच्या, चार माणसांच्या गाडीला ते १०० किलो येतं. माणशी २५ किलो. सुट्टीला निघालेल्या कुटुंबाचा हा हिशेब आहे.

पण त्या गाडीत जी कायमची राहते तिचं काय? २००८ च्या मंदीत घरं आणि बचत गमावलेले अनेक म्हातारे अमेरिकन गाड्यांमध्ये राहायला गेले, त्यांत एकट्या स्त्रिया खूप होत्या. गोदामांत, बीटाच्या हंगामात, तळांची साफसफाई करत त्या गावोगाव फिरतात. जेसिका ब्रूडर यांनी २०१७ च्या ‘नोमॅडलँड’ या पुस्तकात त्यांच्याबद्दल लिहिलं. त्यावरच्या क्लोई झाओ यांच्या चित्रपटाला २०२१ मध्ये ऑस्कर मिळालं. अशा बाईला थंडीचे कपडे, औषधं, हत्यारं, भांडी, आठवणीच्या चार वस्तू सगळं त्या गाडीतच ठेवावं लागतं. सहलीच्या हिशेबानं बांधलेल्या गाडीत संसार भरावा लागतो. आपलं फिरतं केंद्रही सहलीला जात नाही. ते रोज, भरलेलं, खराब रस्त्यानं जातं. दुसऱ्या कुणाच्या गरजेवरून काढलेला आकडा आपण मुकाट्यानं का स्वीकारायचा?

यावर नेहमी तीन उत्तरं ऐकू येतात. पहिलं, “ट्रक तर दुप्पट माल भरतात, काही होत नाही.” होतं, आपण ते पेपरात वाचतो. शिवाय ट्रक माल उतरवून रिकामा परततो. आपली कपाटं आणि संडास येताजाता गाडीवरच असतात.

दुसरं, “मागे एकदोन पाटे वाढवून देतो, मग काळजी नाही.” पाटे वाढवून गाडीची मागची बाजू उचललेली दिसते एवढंच. ब्रेक तेच राहतात, आस तोच, टायर तेच. आरसीवरची मर्यादा एका किलोनंही वाढत नाही.

तिसरं, “हे चालकानं बघायचं, तुम्ही कशाला डोकं घालता?” मोटार वाहन कायदा १९८८ च्या कलम ११३ प्रमाणे नोंदवलेल्या मर्यादेपेक्षा जास्त वजनाची गाडी चालवता येत नाही. चालक मालक नसला तरी मालकाला हे माहीत होतं असं न्यायालय गृहीत धरू शकतं. आणि मालक म्हणून नाव आपल्या संस्थेचं असतं. २०१९ च्या दुरुस्तीनंतर कलम १९४ खाली दंड २०,००० रुपये, शिवाय प्रत्येक जादा टनामागे २,००० रुपये आहे, आणि जादा वजन उतरवल्याखेरीज गाडी पुढे सोडत नाहीत. बसवलेलं कपाट रस्त्यात कसं उतरवणार? उतरतील त्या बायकाच. त्याच कायद्याच्या कलम ५२ प्रमाणे गाडीत परस्पर फेरफारही करता येत नाहीत. बांधणीनंतर वाढलेलं रिकामं वजन आरसीवर चढवून घेतलं नाही, तर गाडीत कुणी नसतानाही आपण चुकीच्या बाजूला असतो.

म्हणून गाडी विकत घेणाऱ्या किंवा देणगीत स्वीकारणाऱ्या प्रत्येक गटाला माझा आग्रह आहे. आधी आपल्या सामानाची यादी करा आणि प्रत्येक वस्तू तराजूवर ठेवा. किती जणी जाणार, किती पाणी लागणार ते लिहा. त्या बेरजेवरून गाडी निवडा, गाडीवरून यादी कापू नका. बांधणाऱ्याकडून तयार गाडीचं जास्तीत जास्त वजन करारात लिहून घ्या. शेवटचा हप्ता देण्याआधी गटातल्या दोघींनी स्वतः काट्यावर जा. पूर्ण गाडीचं वजन घ्या, मग पुढची चाकं आणि मागची चाकं वेगवेगळी तोला. पावत्या फाइलला लावा. जुनी गाडी घेत असाल तर हे दुप्पट काळजीनं करा, कारण आधीच्या मालकानं काय काय बसवलं ते आरसी सांगत नाही. पुढे गाडीच्या दारावर मराठीत ठळक अक्षरांत लिहून ठेवा: इतक्या जणी, इतकं पाणी, इतकं सामान.

देणगीदाराला हे सांगायला संकोच वाटतो, मला माहीत आहे. फुकट मिळणाऱ्या वस्तूत खोट काढायची नाही असं आपल्याला लहानपणापासून शिकवलंय. पण त्या गाडीत बसणाऱ्या आठ जणींची जबाबदारी आपण घेतलेली असते. पुढच्या बैठकीत रंग आणि नावाच्या आधी हा विषय घ्या, आणि कुठल्या गटाकडे अशा पावत्या असतील तर त्या इतरांना दाखवा. एकीनं केलेला हिशेब दुसरीच्या उपयोगी पडेल.